मगरे सरांनी न पाहिलेली पुतळी

आमच्या शाळेच्या मैदानावर वर्षातून एकदा समुद्र निघायचा. खो-खोच्या रेघा मारायला फक्कीचं पोतं आणलेलं असे. त्यातली दोन-तीन घमेली मगरे सर मागून घ्यायचे आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात एकटेच वाकून समुद्र काढत बसायचे. आधी तिकडचा भूमध्य समुद्र, मग अरबस्तान, मग इराणचं आखात, आणि शेवटी पाण्याच्या टाकीजवळ आपला कोकण किनारा. हातात पुस्तक नसे. एखादं वळण चुकलं तर चपलेनं पुसून पुन्हा काढायचे.

शाळेचे शिपाई रामकिसनमामा म्हणायचे, "सर, ह्यो समिंदर पोरं दुपारपस्तोर पायानं पुसून टाकतेत. कशाला कंबर मोडून घ्यायले?"

"पुसू द्या मामा. पायाखाली आल्याबिगर त्यांच्या डोक्यात जात न्हाई."

तातेराव मगरे हे त्यांचं नाव. आमचं गाव अंबडपासून आठ-नऊ किलोमीटरवर, आणि सर त्याच गावचे. बौद्धवस्तीत त्यांचं घर. त्यांच्या आई चांगुणाबाई आमच्याही शेतात निंदायला यायच्या. औरंगाबादला राहून सरांनी इतिहासात बी.ए. केलं आणि नोकरी मिळाली ती आपल्याच गावात. गावातल्या मोठ्या माणसांना त्यांना सर म्हणणं जड जायचं. 'चांगुणेचा तात्या' म्हणायचे. आम्ही पोरं मात्र सरच म्हणायचो.

मी आठवीत होते, म्हणजे एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल. इतिहासात मध्ययुगाचा शेवट होता. चौदाशे त्रेपन्न साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, व्यापाराचा रस्ता अडला, हे वाक्य सगळ्यांनाच पाठ असतं. सर ते पाठ करून घेत नसत. फक्कीच्या समुद्रावर एकेकाला उभं करायचे. तू व्हेनिस, तू अलेक्झांड्रिया, तू एडन, तू होर्मुझ. मला त्यांनी चौल केलं होतं. आपल्या कोकणातलं जुनं बंदर. टाकीजवळ सावली होती म्हणून मी खूश होते. कडूबा कॉन्स्टँटिनोपल होता आणि त्याच्या डोक्यावर ऊन होतं.

माझ्या मागं दोन मुली पैठण आणि दौलताबाद म्हणून उभ्या. त्यांच्याकडून माझ्याकडं कापसाच्या कापडाचं गाठोडं यायचं. केरळाकडची पोरं मिऱ्याची पुडी आणून द्यायची. मी ते होर्मुझला द्यायची. प्रत्येक बंदरानं चिमूटभर मिरे जकात म्हणून काढून घ्यायचे. व्हेनिसला पुडी पोचायची तेव्हा तिच्यात सात-आठ दाणे उरलेले असत. सर विचारायचे, "आता कळलं का, तिकडं मिऱ्याला सोन्याचा भाव का होता?"

मग सर शिट्टी वाजवायचे. तुर्क झालेली पाच पोरं ओरडत जाऊन कडूबाला घेरायची. एकदा कडूबा ओरडला, "सर, मी अजून कितीक वेळ कॉन्स्टँटिनोपल राहू? पाय दुखून राह्यले!"

"आता तू इस्तंबूल झाला. बस खाली."

तेव्हापासून गावात कडूबाला इस्तंबूलच म्हणतात. त्याच्या बायकोलाही त्याचं खरं नाव लग्नाच्या पत्रिकेत वाचून कळलं असेल.

त्या दिवशी खेळ संपल्यावर सरांनी विचारलं, "आपण कापड दिलं, मिरे दिले. बदल्यात तिकडून काय आलं? त्यांच्याकडं आपल्याला लागावं असं फार काही नव्हतं. मंग सोनं आलं." आणि खडूनं फळ्यावर एक गोल काढला. व्हेनिसचं सोन्याचं नाणं. एका बाजूला एक संत उभा, त्याच्या पायाशी गुडघ्यावर बसलेला तिथला राजा, दोघांच्या मधे झेंड्याची काठी. आपल्या बायकांनी ही नाणी गळ्यात घातली, त्यावर माणसं उभी म्हणून त्यांना पुतळ्या म्हटलं. पुतळ्यांची माळ ती हीच.

मी न विचारताच उभी राहिले. "सर, ही आमच्या देव्हाऱ्यात हाय!"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू तसाच हातात धरून म्हणाले, "काय हाय म्हणालीस?"

आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या मधोमध एक सोन्याची पुतळी होती. कधीपासून, ते कुणालाच ठाऊक नाही. आमच्या लेखी ते नाणं नव्हतंच. उभा होता तो राम, आणि पायाशी गुडघे टेकून बसला होता तो मारुती. आमच्या घरी जांबच्या समर्थ रामदासांची भक्ती, त्यामुळं यात कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. तिच्याबाबत एकच नियम होता, तो मात्र कडक. देवाची पाठ पाहायची नाही. आंघोळ घालताना पुतळी तळहातावर रामाची बाजू वर ठेवून धरायची, पुसायची, तशीच ठेवायची. मागच्या बाजूला काय आहे ते माझ्या आईनं पाहिलं नव्हतं, आईच्या सासूनंही पाहिलं नव्हतं.

सरांनी मला वर्गाबाहेर बोलावून विचारलं. मागं एका लांबोळ्या चौकटीत उभा माणूस आहे का? भोवती तारे? मी म्हटलं, "पाठ बघत न्हाईत, सर." मग त्यांनी विचारलं, "पुढून तर बघता? गुडघ्यावर बसलेल्याच्या मागं, कडेला अक्षरं आहेत?" मी म्हटलं, हायेत, बारीक हायेत, इंग्रजीसारखी.

सरांचा चेहरा कसा झाला ते मी कधी विसरले नाही. त्यांनी मला समजावून सांगितलं. असल्या पुतळ्या व्हेनिसनं पाचशे वर्षं पाडल्या. साल कधी घातलं नाही. पण त्या कडेला गुडघ्यावरच्या राजाचं नाव असतं, आणि नावावरून काळ कळतो. ते नाव जुन्या राजाचं असलं, तर पोर्तुगीजांची जहाजं येण्याच्याही आधी, बहामनी काळात, ही पुतळी व्हेनिसहून निघून एडन, चौल करत आपल्या गावाला आली असेल. "म्हणजे आपलं गाव त्या फक्कीच्या नकाशात होतं, उषा. आपण मैदानाबाहेर उभे नव्हतो."

सर गावाचा इतिहास लिहीत होते. दोनशे पानी वही. आदिलाबादहून आलेली घराणी, निजामाच्या वेळचे शेतसारे, वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. त्या वहीचं पहिलं पान त्यांनी कोरं ठेवलं होतं. गावाचा जगाशी पहिला संबंध कधी आला, ते तिथं लिहायचं होतं. औरंगाबादच्या त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी त्यांना कळवलं होतं की ऐकीव गोष्टीवर काही लिहू नका, आधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

म्हणून एका रविवारी सर आमच्या घरी आले. ओट्याखाली उभे राहिले. माझे वडील बद्रीनाथअण्णा बाहेर आले.

"अण्णा, पुतळी एकदा पाहू द्या. मी हात लावत न्हाई. तुम्हीच धरा, तुम्हीच दाखवा. अक्षरं तेवढी उतरून घेतो."

अण्णांनी आत पाहिलं. माझी आई दुर्गाबाई दारात उभी होती. "देव काय नुमाईशीला मांडायची चीज हाय का?" ती म्हणाली, "आन् आमच्यात बाहेरच्याच्या नजरंपुढं देव काढत न्हाईत. बिलकुल न्हाई."

अण्णा ओशाळून म्हणाले, "देवाचं खातं बायकांचं हाय, तातेराव. माझं काही चालत न्हाई तिथं."

"बराबर हाय," सर म्हणाले. आईनं पाणी विचारलं नाही. सरांनी मागितलं नाही. नामांतराच्या दंगलीला तीन-चार वर्षंच झाली होती. वस्तीतली दोन घरं तेव्हा जळाली होती आणि त्यांवर आता नवे पत्रे होते. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. सर वळून गेले ते पुन्हा आमच्या ओट्याकडं आले नाहीत.

माझी आई वाईट बाई नव्हती. चांगुणाबाईंच्या लेकीला बाळंतपणात तिनंच तूप-खारका पाठवल्या होत्या. पण देव्हाऱ्याच्या उंबऱ्याशी तिचं सगळं थांबायचं. ती तिथं थांबायची कारण तिच्या सासूनं तिला तिथंच थांबायला शिकवलं होतं.

रामनवमीला आई-अण्णा जांबला गेले. मला परीक्षा म्हणून घरी ठेवलं. मी आंघोळ केली, देवाला हात जोडले, पुतळी काढली आणि तिच्यावर वहीचा पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली, पोरं नाण्यावर घासतात तशी. राम उमटला, मारुती उमटला, आणि कडेला तीन-चार अक्षरं. कागद मी भूमितीच्या वहीत ठेवला. घाईघाईत पुतळी परत कशी ठेवली ते मला कळलंच नाही.

संध्याकाळी आई जांबहून आली, प्रसादाची पिशवी घेऊन सरळ देव्हाऱ्याशी गेली, आणि किंचाळली. पुतळी पालथी होती. राम खाली तोंड करून पडला होता. आईनं डोळे मिटूनच तो सुलटा केला.

मला खोटं बोलता आलं नाही. आईनं भूमितीची वही काढली, कागद काढला, "त्याच्या हातात द्यायचा होता ना?" एवढंच विचारलं आणि चुलीत घातला.

मारलं नाही तिनं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ठरवलं की ज्या हातानं देव बाटवायला काढला, त्याच हातानं तो शुद्ध करायचा. चिंच आणि विटकरीची वस्त्रगाळ पूड. एकवीस दिवस, रोज सकाळी एकशे आठ वेळा, रामाचं नाव घेत. पाठ तळहाताला, तोंड वर. मी मनापासून घासलं. मला खरंच वाटत होतं की माझं पाप निघून जातंय. पहिल्या आठवड्यात अक्षरं गेली. मग काठी गेली. मग मारुतीचं तोंड. सोनं शंभर नंबरी, मऊ. आणि आधीच कितीतरी पिढ्यांची हळद-कुंकवाची बोटं त्यावरून फिरलेली. एकविसाव्या दिवशी आई म्हणाली, "बघ कसा लखलखून राह्यलाय देव!" आणि मला जवळ घेतलं.

सरांनी मला नंतर एकदाही विचारलं नाही. पुढच्या वर्षी फक्कीचा समुद्र निघाला, त्यात चौलला दुसरी मुलगी होती.

मी दहावी झाले, लग्न होऊन जालन्याला मस्तगडात आले. गावाकडं गेले की सर कधी रस्त्यात दिसायचे. "काय चौल, कशी आहेस?" एवढंच. मी खाली बघून "बरी आहे, सर" म्हणायची.

आई दोन हजार एक साली गेली. शेवटच्या आजारात एकदा अचानक म्हणाली, "त्यो मास्तर परत कधी आला न्हाई गं."  

दोन वर्षांनी भाऊ मच्छिंद्र औरंगाबादला फ्लॅटमध्ये राहायला गेला. म्हणाला, "ताई, तिकडं सोवळं-ओवळं जमत न्हाई. पुतळीदेव तू ने." मी तो नव्या खणात बांधून मस्तगडला आणला. आठ दिवस पूजा केली. नवव्या दिवशी अंबडच्या एस.टी.त बसले.

सर निवृत्त होऊन अंबडला कोर्टाच्या मागं राहत होते. स्टँडवर कडूबाची रिक्षा दिसली. मागं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, इस्तंबूल. "सरांकडं?" तो म्हणाला. "बस. पण आता त्यांना दिसत न्हाई, उषे. साखरंनं दोन्ही डोळे नेले. मागल्या वर्षी."

मी खण मांडीवर धरून रिक्षात बसले.

सरांच्या पत्नी सत्यशीलाबाईंनी दार उघडलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली खाटेवर सर. मी नुसतं "सर, मी—" म्हटलं.

"चौल!" ते म्हणाले. "आवाज तोच आहे."

सत्यशीलाबाईंनी पाणी दिलं. मी ते प्यायले. सरांच्या घरचं पाणी मी पहिल्यांदा प्यायले, तेही पस्तिसाव्या वर्षी. मग खण सोडला आणि पुतळी सरांच्या तळहातावर ठेवली.

 त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. कडेनं हळूहळू गोल.

"गुळगुळीत आहे गं."

मी सगळं सांगितलं. कागद, चूल, चिंच, विटकर, एकवीस दिवस. सांगताना मला रडू आवरलं नाही.

"मला कळलं होतं," सर म्हणाले. "तुझी बोटं लाल असायची. वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर सगळीकडं विटकरीचे ठसे होते."

"मंग का नाही विचारलं, सर?"

"विचारलं असतं तर तू घरी सांगितलं असतंस. मंग बेचाळीस दिवस घासावं लागलं असतं." ते थोडं हसले. सत्यशीलाबाई हसल्या नाहीत. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

बोलता बोलता सरांच्या बोटांत पुतळी उलटली, आणि त्यांचा अंगठा एकदम थांबला. "इथं आहे. उषा, या बाजूला सगळं आहे. खरखरीत लागतंय. बघ जरा."

मी दचकून मान फिरवली. "सर, आम्ही पाठ बघत नाही."

"हो. विसरलोच." आणि त्यांनी पुतळी रामाकडून वर करून माझ्यापुढं धरली. परत घे म्हणून.

त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नाही. आमच्या ओट्याखालीही त्यांनी दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं. मला त्या धरलेल्या हाताकडं बघवेना. मी मनात रामाची क्षमा मागितली, आईचीही मागितली, आणि पुतळी उलटी केली.

कुणीच कधी न घासल्यामुळं ती बाजू काल टाकसाळीतून आल्यासारखी होती. लांबोळ्या चौकटीत एक माणूस उभा. एका हातात पुस्तक, दुसरा हात आशीर्वादाला वर. दोन्हीकडं तारे. गोल कडेनं अक्षरं.

"वाच," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा झाला होता.

मी एकेक अक्षर वाचत गेले. एस, आय, टी. सत्यशीलाबाईंनी वही आणली आणि लिहून घेतलं. सरांनी पुतळी पुन्हा मागून घेतली आणि नखानं तारे मोजले. एकदा चुकले, पुन्हा मोजले.

"कोण आहेत हे, सर?"

"येशू ख्रिस्त."

मला काय वाटावं ते कळेना. इतक्या पिढ्या आम्ही एकाला हळद-कुंकू वाहत होतो आणि दुसऱ्याला तळहातावर झोपवत होतो.

"व्हेनिसचीच आहे," सर म्हणाले. "मागं ठरलेले शब्द असतात, ते हेच. एवढं पक्कं झालं." थोडं थांबून म्हणाले, "आता नाव. कागदावर एखादं अक्षर पाहिलं असशील. पहिलं?"

मी डोळे मिटले. तो पातळ कागद, पेन्सिलीचा राखाडी रंग, कडेची अक्षरं. "एफ होतं वाटतं, सर. नाहीतर पी."

सर उठून बसले. "एफ असलं तर फोस्कारी असू शकतो. कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा व्हेनिसला राजा तोच होता. कडूबाला तुर्कांनी घेरलं ना, त्याच वेळची पुतळी! एफवाले राजे नंतरही झाले म्हणा. पण एफ असलं तर निदान लिहिता तरी येईल की शक्यता आहे. पी असलं तर वेगळेच राजे निघतात. नीट आठव. घाई नाही."

 सरांचं तोंड माझ्या दिशेला होतं, डोळे भलतीकडंच. एक शब्द म्हणायचा होता. एफ. त्या माणसानं बावीस वर्षं पहिलं पान कोरं ठेवलं होतं, आणि मला तो शब्द म्हणता आला असता. सत्यशीलाबाई माझ्याकडं बघत होत्या. मला वाटतं, त्यांना मी तो म्हणावा असं वाटत होतं.

"आठवत नाही, सर," मी म्हटलं. "खरंच आठवत नाही."

सर हळूच मागं टेकले. "बरं केलंस," ते म्हणाले. "खोटं सांगितलं असतंस तर मी लिहिलं असतं." मग बाईंना म्हणाले, "लिही. साल, रेघ मार. पुढं जागा सोड."

त्याच वर्षी मार्गशीर्षात सर गेले. मी अंबडला गेले तेव्हा अंगणात कडूबा सगळ्यांना पाणी देत होता आणि सारखा तोंड फिरवून डोळे पुसत होता. सत्यशीलाबाईंनी मला ती वही दाखवली. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात पुतळीच्या मागच्या बाजूचं वर्णन होतं, ताऱ्यांची संख्या होती. खाली लिहिलं होतं, 'पुढील बाजू घासून गेली आहे.' कुणी घासली, ते सरांनी लिहू दिलं नव्हतं. त्याखाली 'साल', एक रेघ, आणि उरलेलं पान कोरं.

पुतळी आजही माझ्या देव्हाऱ्यात आहे. मी ती घासत नाही. नुसतं पाणी घालते आणि मऊ फडक्यानं टिपते. रामाचं नाव घेते आणि मग कडेची ती जागा खिडकीच्या उजेडात जराशी तिरपी धरून बघते. कधीकधी एक उभी रेघ दिसल्यासारखी वाटते. पण उभी रेघ एफलाही असते आणि पीलाही असते.